गाडी खालून घासली, वरून दिसत नाही. दुरुस्त करायची की राहू द्यायची?

तेरखेडा (ता. वाशी) : पेरणीच्या तोंडावरची गोष्ट आहे. डिक्कीत डीएपीच्या दोन गोण्या, मागच्या सीटवर सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या आणि शेजारी मंडळी, असा सगळा लवाजमा घेऊन मी शेताकडं निघालो होतो. पांदणीचा रस्ता. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला, चाकोरी खोल झालेली. एका ठिकाणी चाकोरीच्या मधोमध दगड वर आला होता, तो मला दिसला नाही. खालून खर्रर्र असा आवाज आला आणि पोटात गोळा आला.

उतरून चारी बाजूंनी बघितलं. कुठं काही नाही. दार चांगलं, बंपर चांगला. मग मोबाईलची बॅटरी लावून चिखलातच आडवा झालो. डाव्या दाराच्या खाली, जमिनीकडं तोंड असलेल्या पत्र्याला एक वीतभर लांब ओरखडा होता. रंग पार निघालेला, पांढरा पत्रा चमकत होता आणि मध्ये अंगठा बसेल एवढा पोचा. उभा माणूस कितीही वाकला तरी त्याला ते दिसणार नाही.

मंडळी म्हणाल्या, "दिसत न्हाई ना? मंग ऱ्हाऊ द्या. आधी पेरणीचं बघा."

भाऊ म्हणाला, "दादा, इन्शुरन्स हाय की. क्लेम टाक आन् करून घे."

डेंटिंगवाल्यानं चार हजार सांगितले. पोचा काढायचा, पुट्टी भरायची आणि खालची सगळी पट्टी रंगवायची. पेरणीच्या दिवसांत चार हजार म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

तिघांचंही थोडं थोडं बरोबर होतं आणि थोडं थोडं चुकत होतं. हा प्रश्न आज आपल्या भागात घरोघरी आहे. जुनी का होईना, दारात चारचाकी आली. महामार्ग चांगला झाला, पण शेताचा रस्ता तोच राहिला. गतिरोधकावर पोट घासतं, उसाची ट्रॉली शेजारून जाताना रेघ ओढते, येरमाळ्याच्या यात्रेत गाडी लावली की कुठं ना कुठं टेकतंच. म्हणून या लेखात एवढंच सांगायचं आहे की न दिसणारी इजा कधी सोडून द्यावी, कधी लगेच हात घालावा आणि पैसे कुठं वाया जातात.

आधीच्या गाडीनं शिकवलेला धडा

माझी पहिली गाडी मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका व्यवहारवाल्याकडून घेतली होती. आरशासारखी चमकत होती. मी इंजिन ऐकलं, टायर बघितले, एसी लावून बघितला. खाली वाकून मात्र बघितलं नाही.

दोन पावसाळे गेले. दाराच्या खालच्या पट्टीवर रंगाला बारीक फोड यायला लागले. मला वाटलं, उन्हानं आले असतील. एक दिवस धुताना त्यावर बोट दाबलं तर पापुद्रा निघाला. आतून पुट्टीची खपली पडली आणि पुट्टीच्या मागं पत्राच नव्हता, नुसता तांबडा भुगा होता. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. कधीतरी गाडी खालून घासली असणार. कुणीतरी गंज न काढता वरून पुट्टी भरली, रंग मारला आणि विकली.

नवा पत्रा कापून वेल्डिंग करायला जो खर्च आला, त्यात एका एकराचं बियाणं आणि खत सहज निघालं असतं.

तेव्हा कळलं की "दिसतंय का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. "वाढणार आहे का?" हे विचारायला पाहिजे. जी इजा वाढत नाही ती जन्मभर राहिली तरी काही बिघडत नाही. जी वाढते ती लपलेली असेल तर जास्त वाईट, कारण तिच्याकडं कुणाचं लक्षच जात नाही.

आधी गाडी धुवा, मग ठरवा

चिखल लागलेला असताना काहीच ठरवू नका. गाडी वॉशिंग सेंटरवर रॅम्पवर चढवा आणि खालून पाण्याचा फवारा मारून घ्या. धुऊन झाली की पाच मिनिटं थांबवून मोबाईलच्या उजेडात खालून नीट बघा, फोटो काढा. फोटोवर तारीख राहते, ती पुढं कामाला येते.

एक सांगून ठेवतो. नुसत्या जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली कधीही शिरू नका. जॅक सरकला तर माणूस जातो. रॅम्प नसेल तर गॅरेजला जा.

प्लास्टिक आहे की पत्रा?

निम्मा निकाल इथंच लागतो. आजकालच्या गाड्यांचे पुढचे-मागचे बंपर प्लास्टिकचे असतात. चाकाच्या वर आतल्या बाजूला जे काळं अस्तर असतं तेही प्लास्टिकचं. इंजिनच्या खाली बऱ्याच गाड्यांना प्लास्टिकचाच पत्रा लावलेला असतो. प्लास्टिकला गंज चढत नाही. बंपरच्या खालच्या कडेला ओरखडे असतील, रंग निघाला असेल, पण बंपर जागेवर घट्ट असेल तर ते खुशाल राहू द्या. त्यावर रंगासाठी दोन-अडीच हजार घालणं म्हणजे चपलेच्या तळव्याला पॉलिश करणं. पुढच्या गतिरोधकावर पुन्हा तेच होणार.

फक्त दोन गोष्टी बघा. बंपर हातानं हलवून बघा. तो क्लिपांवर बसलेला असतो. दणक्यानं क्लिप तुटली की एक बाजू लोंबते. गावात वीसच्या वेगानं जाताना काही वाटत नाही, पण सोलापूर-धुळे महामार्गावर वाऱ्याचा दाब बसला की तोच बंपर किंवा खालचं अस्तर सुटून चाकात येऊ शकतं. क्लिप स्वस्त मिळते, ती लगेच बसवा. दुसरं, बंपरच्या मागं एसीची जाळी आणि रेडिएटर असतो. सकाळी गाडी जिथं उभी होती तिथं जमिनीवर हिरवट, लालसर किंवा तेलकट डाग पडलाय का ते बघा. एसी चालवल्यावर साधं स्वच्छ पाणी गळतं, त्याची काळजी नको. रंगीत किंवा चिकट काही असेल तर गाडी चालवू नका.

आता पत्रा. दाराच्या खालची पट्टी, दाराची आतली कड, चाकाच्या वरची कमान, डिक्कीचा तळ हे सगळं लोखंडी पत्र्याचं असतं. चारचाकीचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतो, म्हणजे आपल्या पोस्टकार्डाच्या तीन-चार घड्यांएवढा. गंजाला तो खायला फार वेळ लागत नाही. पत्रा आहे की नाही हे कळत नसेल तर साधं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून लावा. चिकटलं तर पत्रा. आणि पत्र्यावर एका जागी घट्ट चिकटून शेजारच्या जागी निसटत असेल तर तिथं पुट्टी भरलेली आहे असं समजा. जुनी गाडी घेताना ही युक्ती खिशात ठेवा. ती मला आधी माहिती असती तर पहिली गाडी मी घेतली नसती.

नख लावून बघा

कारखान्यातून आलेल्या रंगाचे थर असतात. सगळ्यात खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग किंवा थोडी जास्त. एवढ्याशा थरावर गाडीचा पत्रा जगत असतो.

ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकत नसेल तर ओरखडा फक्त वरच्या लॅकरमध्ये आहे. तो पॉलिशनं कमी होतो आणि नाही केलं तरी काही होत नाही. नख अडकतंय पण तळाशी राखाडी रंग दिसतोय, तर प्रायमर शाबूत आहे. घाई नाही, पण पावसाळ्याच्या आत टचअप करून टाका. तळाशी चमकणारा पत्रा दिसतोय, तर मात्र वेळ घालवू नका. ओल लागली की उघड्या पत्र्यावर एका रात्रीत तांबूस झाक येते. आणि तांबडे ठिपके किंवा रंगाला फोड दिसत असतील तर आतून गंज सुरू झालेला आहे. तिथं वरून रंग मारून उपयोग नाही.

कधी कधी ओरखडा आपला नसतोच. दुसऱ्या गाडीचा किंवा भिंतीचा रंग आपल्या गाडीवर चढलेला असतो. मऊ फडकं आणि थोडं पॉलिश घेऊन चोळून बघा, निम्मा तसाच निघून जातो.

हे मात्र "दिसण्यापुरतं" समजू नका

काही इजा लहान दिसतात, पण त्या दिसण्याच्या नसतातच. यातलं काहीही असेल तर पैशाचा विचार नंतर करा, आधी मिस्त्रीला दाखवा.

ऑइल चेंबरला पोचा आला असेल किंवा तो ओला दिसत असेल. ब्रेकच्या किंवा पेट्रोलच्या नळीला दगड लागला असेल. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा एकच टायर एका कडेनं झिजत असेल. दार पहिल्यासारखं बसत नसेल, बोनेटची फट एका बाजूला जास्त दिसत असेल. दाराखालच्या ज्या खाचेत जॅक लावतात ती खाच चेपली असेल. जॅकची जागाच वाकली तर रस्त्यात टायर बदलताना जॅक निसटू शकतो. गाडी सीएनजीवर असेल आणि टाकीला किंवा तिच्या नळीला मार लागला असेल तर गाडी तपासल्याशिवाय चालवूच नका. सीएनजी टाकीची तशीही दर ३ वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते.

माझ्या गाडीत पोचा जॅकच्या खाचेपासून हातभर लांब होता. खाच सरळ होती, दार नीट बसत होतं. म्हणजे पोचा हा पोचाच होता, त्याच्यानं गाडीच्या ताकदीला धक्का नव्हता. पण पत्रा उघडा पडला होता. म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पोचा राहू द्यायचा, पण उघडा पत्रा झाकायचा.

काळी माती आणि खताची गोणी

कोकणात खाऱ्या हवेनं गाड्या लवकर गंजतात हे सगळ्यांना माहिती आहे. आपण बालाघाटच्या कोरड्या भागातली माणसं, त्यामुळं आपल्याला वाटतं की इथं गंजाचं काय भ्या. पण आपल्याकडं दोन गोष्टी आहेत ज्यांचा विचार कुणी करत नाही.

एक म्हणजे काळी माती. ती चिकटते आणि ओल धरून बसते. चाकाच्या कमानीत, दाराखालच्या पट्टीत चिखलाचा लादा बसला की वरून गाडी कोरडी दिसते आणि आत आठ-आठ दिवस ओल राहते. ओल आणि हवा दोन्ही मिळाल्या की गंजाला आणखी काही लागत नाही.

दुसरी म्हणजे खत. युरिया, डीएपी, पोटॅश ही सगळी रासायनिक खतं आहेत. ती हवेतली ओल ओढतात आणि त्या ओलाव्यात लोखंड फार लवकर गंजतं. फवारणीच्या पंपाच्या लोखंडी भागाचं काय होतं ते आपण बघतोच. डिक्कीत फुटकी गोणी नेली की दाणे गालिच्याखाली जातात आणि तिथंच बसतात. गोणीखाली जाड ताडपत्री टाका आणि हंगाम संपला की गालिचा उचलून डिक्कीचा तळ झाडून घ्या.

आणखी एक. दाराच्या खालच्या कडेला आणि पट्टीला बारीक भोकं असतात. पावसाचं आत गेलेलं पाणी तिथून निघून जातं. ती चिखलानं बुजली की पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून सडतो. वर्षातून दोनदा काडीनं ती मोकळी करा. याला एक रुपयाही लागत नाही.

घरच्या घरी काय करता येतं

मी काय केलं ते सांगतो. ओरखडा वीतभराच्या आत असेल आणि गंज आरपार गेलेला नसेल तर हे कुणालाही जमण्यासारखं आहे.

गाडी खालून धुऊन दिवसभर उन्हात उभी केली. पूर्ण सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरनं ओरखडा आणि त्याच्या कडेचा अर्धा इंच रंग घासला. तांबूस झाक पूर्ण निघेपर्यंत घासायचं, हेच काम महत्त्वाचं. फडक्याला अगदी थोडं थिनर लावून धूळ आणि तेलकटपणा पुसला. थिनर जास्त लावलं तर आजूबाजूचा चांगला रंगही सुटतो. या कामाच्या वेळी जवळ विडी-काडी नको. तेरखेड्याच्या माणसाला ठिणगीचं वेगळं सांगायला नको, आपल्या गावात फटाक्याचे कारखाने आहेत.

मग गंजरोधक प्रायमरचे दोन पातळ हात दिले, दोन्हींच्या मध्ये सुकायला वेळ दिला. त्यावर गाडीच्या रंगाचा टचअप. रंगाचा नंबर दाराच्या खांबावर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर लिहिलेला असतो, तो दुकानदाराला फोटो काढून दाखवा. जागा खालची असल्यानं शेड थोडी इकडं-तिकडं झाली तरी चालतं. शेवटी काळ्या अंडरकोटिंगचा एक हात दिला. अंडरकोटिंग मारताना ती पाण्याची भोकं बुजवू नका आणि सायलेन्सर, ब्रेक, चाकाची फिरती जागा यांच्यावर उडू देऊ नका.

सगळं सामान मला सहाशे रुपयांच्या आत पडलं आणि अर्धा दिवस गेला. उरलेलं अंडरकोटिंग भावाच्या गाडीला कामाला आलं. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेला आहे. पोचा अजून तिथंच आहे, गंज नाही.

"क्लेम टाक" म्हणण्याआधी

भावानं सांगितलेल्या इन्शुरन्सचा हिशोब आता मांडू. पहिली गोष्ट, गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. फुल इन्शुरन्स असेल तरच पुढचा विचार.

क्लेम केला की पहिले १००० रुपये आपल्या खिशातून जातात. इंजिन १५०० सीसीच्या वर असेल तर २००० रुपये. मग घसारा. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के कापतात. पत्र्याच्या नव्या भागावर गाडीच्या वयाप्रमाणे कापतात, ५ ते १० वर्षांच्या गाडीला ४० टक्के. रंगाच्या सामानावर ५० टक्के कापतात आणि बिलात सामान-मजुरी वेगळी नसेल तर रंगकामाच्या बिलाचा चौथा हिस्सा सामान धरतात. झिरो डेप घेतलं असेल तर घसारा कापत नाहीत, पण ते पहिले हजार रुपये जातातच.

आता नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी. एक वर्ष क्लेम केला नाही तर गाडीच्या स्वतःच्या विम्याच्या हप्त्यात २० टक्के सूट, दोन वर्षं २५, तीन वर्षं ३५, चार वर्षं ४५ आणि पाच वर्षं ५० टक्के. एक क्लेम केला की सूट शून्यावर येते आणि पहिल्यापासून सुरुवात.

समजा माझ्यासारखं कुणाचं ३५ टक्के चालू आहे आणि सूट धरण्याआधीचा हप्ता ५००० रुपये आहे. क्लेम केला नाही तर पुढच्या तीन वर्षांत ४५, ५०, ५० टक्के, म्हणजे २२५०, २५०० आणि २५०० अशी ७२५० रुपयांची सूट मिळेल. क्लेम केला तर शून्य, मग २० टक्के म्हणजे १०००, मग २५ टक्के म्हणजे १२५०, एकूण २२५०. फरक ५००० रुपयांचा.

आणि क्लेममधून मिळणार किती? बिल ४००० रुपयांचं, सगळं रंगकाम धरलं. त्यात सामान १०००, त्यावर निम्मा घसारा ५००. राहिले ३५००. त्यातून आपले १००० वजा. हातात २५००. म्हणजे अडीच हजार मिळवायला पाच हजार घालवायचे. हप्ता दरवर्षी थोडा बदलतो, पण हिशोबाची रीत हीच. लहान ओरखड्याला क्लेम परवडत नाही. तो मोठ्या अपघातासाठी राखून ठेवा.

काही जण सांगतात, वर्षभरातले सगळे ओरखडे साठवून एकदाच एकच अपघात दाखवायचा. हे खोटं आहे आणि सर्व्हेअरला ते कळतं. जुना ओरखडा आणि नवा ओरखडा वेगळा दिसतो. क्लेम नाकारला जातो आणि नाव खराब होतं ते वेगळंच.

गॅरेजला टाकायचीच असेल तर

गंज पसरला असेल किंवा ओरखडा मोठा असेल तर घरचा उपाय पुरत नाही. तेव्हा डेंटिंगवाल्याला आधी तीन गोष्टी विचारा. पत्रा उघडा करून गंज पूर्ण काढणार का? पुट्टी किती भरणार? रंगाआधी गंजरोधक प्रायमर मारणार का? प्रायमर मारल्यावर आणि रंगाआधी मी येऊन बघणार, असंही सांगा. चांगला मिस्त्री या बोलण्यानं नाराज होत नाही. उलट माणूस जाणकार आहे हे त्याला कळतं. वेल्डिंग असेल तर बॅटरीची वायर काढायला सांगा आणि डिक्कीत काही पेटणारं ठेवू नका.

उगीच चांगला पत्रा रंगवून घेऊ नका. कारखान्यातला रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, गॅरेजमधला हात त्याच्या बरोबरीला येत नाही. शिवाय चंदेरी आणि चमकीच्या रंगाची शेड जुळवणं फार अवघड असतं. उन्हात दार वेगळं आणि बाकी गाडी वेगळी दिसते. मग पुढचा गिऱ्हाईक विचारतो, "ठोकली व्हती का?" म्हणजे खालचा न दिसणारा ओरखडा लपवायला गेलो आणि वर दिसणारी शंका लावून घेतली.

पुढं लोखंडी गार्ड लावून ओरखडे टाळावेत असंही काहींना वाटतं. असे गार्ड लावणं कायद्यात बसत नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे. गार्डमुळं समोरच्या पायी माणसाला मार जास्त लागतो आणि एअरबॅग वेळेवर उघडण्यातही अडचण येऊ शकते.

विकताना सांगायचं की नाही?

पहिल्या गाडीचा पत्रा बदलल्यानंतर मी ती विकायला काढली. तेव्हा दुसऱ्या बाजूची पट्टीही आतून धरायला लागली होती. मला जाणकारांनी सल्ला दिला, "पुट्टी मारून टाका. खाली वाकून कोण बघतंय?"

खरं सांगतो, एक रात्र मनात आलं. पैशाची गरज होती आणि मला फसवलं तेव्हा कुणी दया केली नव्हती. पण गाडी घेणारा पोरगा शेजारच्याच तालुक्यातला. दुधाचा धंदा होता त्याचा, रोज पहाटे कॅन घेऊन जायचा. मी त्याला खाली झोपायला लावलं आणि सगळं दाखवलं. त्यानं आठ हजार कमी केले. मी दिले. ते आठ हजार मला आजही थोडे लागतात, नाही असं नाही. पण तो पोरगा रस्त्यात भेटला की हात वर करतो आणि मला मान वळवावी लागत नाही.

दिसण्यापुरता केलेला रंग ही दुरुस्ती नसते. ते नुसतं झाकण असतं, आणि झाकणाखालचं कुणाच्या तरी पदरात पडतंच.

थोडक्यात

प्लास्टिक असेल आणि घट्ट असेल तर सोडून द्या. पत्रा असेल आणि प्रायमर शाबूत असेल तर पावसाळ्याआधी टचअप. पत्रा उघडा असेल तर याच आठवड्यात घासून प्रायमर मारा, पोचा राहिला तरी चालेल. फोड आले असतील तर गॅरेज, आणि गंज काढल्याशिवाय पुट्टी नाही. गळती, ब्रेक, स्टिअरिंग, जॅकची जागा किंवा सीएनजी यांचा संबंध असेल तर त्याच दिवशी मिस्त्री. लहान कामाला क्लेम नको. आणि फोटो काढून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढून जुन्याशी लावून बघता येतो. वाढलं नसेल तर निवांत रहा.

माझी पेरणी त्या चार हजारांत वेळेवर झाली. पांदणीतला तो दगडही पहारीनं काढून बांधावर टाकला. हे काम मात्र मी दोन वर्षं आधीच करायला पाहिजे होतं.